तिसऱ्यांदा ऐकल्यावर बोलू

रात्री बाराला नवा अल्बम येतो आणि बारा चाळीसला आमच्या मित्रमंडळातला पहिला निकाल लागतो : 'मास्टरपीस'. अल्बम एक तास चार मिनिटांचा. म्हणजे निकाल देणाऱ्याने शेवटची सहा-सात गाणी ऐकलेली नाहीत, नाहीतर मधली उड्या मारत उरकली आहेत. पण हे त्याला विचारायला कुणाला फुरसत नसते, कारण तोवर दुसरा निकाल आलेला असतो : 'मागच्याची सर नाही.' मग पहाटेपर्यंत मास्टरपीसवाले आणि सर-नाहीवाले एकमेकांना हाणत बसतात. एखादा फक्त 'ऐकतोय' एवढं सांगून दोन दिवस गायब होतो. त्याच्याबद्दल मला फार आदर आहे.

शुक्रवार हा या पंथाचा वार, पण तो काही फार जुना नाही. पूर्वी ब्रिटनमध्ये नवे अल्बम सोमवारी यायचे, अमेरिकेत मंगळवारी, आणि एका देशात आलेला अल्बम दुसऱ्या देशात चोरवाटेने आधीच पोचलेला असायचा. शेवटी 10 जुलै 2015 पासून संगीत कंपन्यांनी जगभर शुक्रवार धरला. त्याआधी ज्याच्या हाती अल्बम लवकर पडेल त्याला दोन दिवस भाव खाता यायचा. ती सोय गेली. आता सगळे एकाच वेळी अनभिज्ञ असतात आणि सगळ्यांना एकाच वेळी जाणकार दिसायचं असतं. घाई होते ती त्यामुळे.

माझं म्हणणं जरा चमत्कारिक वाटेल. नवा अल्बम पहिल्या एक-दोन वेळा आपल्याला ऐकूच येत नाही. आणि आवडता अल्बमही, पुष्कळ वर्षं आवडता राहिला की, ऐकू यायचा बंद होतो. नव्यात आपण स्वतःच्या अपेक्षा ऐकतो, जुन्यात स्वतःच्या आठवणी. या दोहोंच्या मध्ये एक छोटा काळ सापडतो, साधारण तिसऱ्या खेपेपासून गाण्यांचा क्रम तोंडपाठ होईपर्यंतचा. अल्बम खरा कानावर पडतो तो तेवढ्यातच. आमचे बहुतेक वाद मात्र अजून ऐकू न आलेल्या नव्याची तुलना आता ऐकू न येणाऱ्या जुन्याशी करण्यावरून होतात.

पहिलं ऐकणं म्हणजे हजेरी घेणं. मागच्या वेळचा तो भरदार कोरस आहे का? आहे. गिटार कुठे गेली? गेली, तिच्या जागी सिंथ आलाय. आवाज एवढा मागे का ठेवलाय, शब्द का नीट कळत नाहीत? चौथं गाणं संथ आहे, पहिलं दीड मिनिट त्यात काहीच घडत नाही, आणि बोट आपसूक पुढच्या बाणावर जातं. पहिल्या झटक्यात पकडणारं गाणं बहुतेक वेळा त्याच कलाकाराने आधी केलेल्या कशासारखं तरी असतं. ओळखीचं म्हणून ते पकडतं. या वेळी त्याने जे नवं करून पाहिलंय ते त्या दीड मिनिटात असण्याची शक्यता जास्त, आणि ते तर आपण ओलांडून गेलेलो असतो.

यावर आमच्यातला एक चिकित्सक मला नेहमी अडवतो. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये एक गोष्ट दाखवून दिली होती : एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा समोर आली तरी माणसाला ती बरी वाटू लागते. त्याने अर्थ नसलेले शब्द, चिनी लिपीच्या धर्तीची चिन्हं, अनोळखी चेहऱ्यांचे फोटो लोकांना कमी-जास्त वेळा दाखवले, आणि जे जास्त वेळा दिसलं त्याला लोकांनी जास्त पसंती दिली. चिकित्सकाचं म्हणणं, 'तुझं ते मुरणं-बिरणं काही नाही, ही सवय आहे. कुठलाही रद्दी अल्बम दहा वेळा ऐक, आवडेल.' युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा. पण रद्दी अल्बम दहाव्या खेपेपर्यंत तग धरतच नाही, सवय लागायच्या आत त्याचा वीट येतो. पहिल्या रात्री नाचायला लावणारे कितीतरी अल्बम दुसऱ्या आठवड्यात असे रिकामे होतात की ते पुन्हा लावायला हात जात नाही. आणि ज्याला आपण तोंडदेखलं 'ठीक आहे' म्हणून सोडलं होतं त्यातलं एखादं गाणं काहीतरी भलतंच काम करताना ओठांवर येतं. सवयीचा नियम दोघांनाही सारखाच लागू होता, मग एक टिकला आणि एक का टिकला नाही?

वीझर या बँडच्या 'पिंकर्टन'ची कहाणी चाहत्यांच्या बैठकीत हमखास निघते. 1996 चा अल्बम. त्यांच्या पहिल्या अल्बमचा चकचकीतपणा टाकून दिलेला, आवाज खरखरीत, शब्द इतके उघडेवाघडे की ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं व्हावं. त्या वर्षाअखेरीस 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या वाचकांनी त्याला वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांमध्ये बसवलं. पुढच्या दहा वर्षांच्या आत त्याच मासिकाच्या वाचकांनी त्याला आजवरच्या उत्तम अल्बमांमध्ये जागा दिली. अल्बममधला एक सूरही बदलला नव्हता. 1996 मध्ये लोक त्यात पहिला अल्बम शोधत होते आणि तो तिथे नव्हता, म्हणून त्यांनी राग काढला. मधल्या काळात ज्यांनी तो डोक्यावर घेतला त्यातल्या पुष्कळांनी पहिला अल्बम नंतर ऐकला असणार, असा माझा अंदाज आहे. त्यांची अपेक्षाच वेगळी होती.

आता जुन्याकडे वळू. मॉरिस होल्ब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोघांनी 1989 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवून त्यांनी पसंती विचारली. लोकांना सर्वांत आवडलेली गाणी कोणती निघावीत? जी ते साधारण साडेतेवीस वर्षांचे असताना गाजत होती ती. म्हणजे 'आता तसे अल्बम होत नाहीत' हे वाक्य ऐकलं की समोरच्याचं वय काढायला गणित पुरतं. मी हे वाक्य म्हणतो तेव्हाही पुरतं.

पण जुन्यावरच्या प्रेमात एक गंमतही आहे, आणि तिचा सर्वांत देखणा पुरावा म्हणजे जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू'. 1959 सालच्या 2 मार्चला त्यातली पहिली तीन गाणी ध्वनिमुद्रित झाली. त्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर मुद्रित केलेलं योग्य वेगाने वाजवलं की ते जरा जलद आणि जरा चढ्या सुरात ऐकू येतं. रेकॉर्डची पहिली बाजू अशी चढी, आणि 22 एप्रिलला मुद्रित झालेली दुसरी बाजू बरोबर. शेजारी दुसरं एक यंत्र जादा प्रत म्हणून चालू होतं, ते ठीक होतं. तिथली टेप वापरून सुधारलेली आवृत्ती बाजारात आली 1992 मध्ये. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ जगाने जॅझमधला सर्वांत लाडका अल्बम अर्धा चढ्या पट्टीत ऐकला, त्यावर जीव ओवाळला, त्यातले सोलो घोकून पाठ केले. सुधारलेली आवृत्ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती सुस्त वाटली. ट्रम्पेट झोपेतून उठल्यासारखा. बरोबर काय ते डोक्याला कळत होतं, पण कान ऐकायला तयार नव्हता. त्याला त्याचा जुना, चढा, चुकीचा सूर हवा होता. आजही चढी आवृत्तीच आवडते असं म्हणणारे लोक भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

पियानोवादक ग्लेन गूल्डच्या बाबतीत तर जुना आणि नवा दोन्ही अल्बम त्याचेच, बाखच्या त्याच 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'चे. पहिला 1955 साली मुद्रित झाला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. दुसरा 1981 साली. पहिला अडतीस मिनिटांत आटोपतो, दुसऱ्याला एक्कावन्न लागतात. नुसत्या सुरुवातीच्या आरियाचं, म्हणजे मूळ धुनेचं, बघा : पहिल्यात ती दोन मिनिटांच्या आत संपते, दुसऱ्यात तीन मिनिटं ओलांडते. स्वर तेच. पहिल्यात पोराला कुठेतरी पोचायचंय. दुसऱ्यात प्रत्येक स्वर सोडण्याआधी तो त्याच्याकडे वळून बघतो, आणि दोन्हींत वाजवता वाजवता गुणगुणतो, ते माइकने टिपलंय. 1982 च्या सप्टेंबरात दुसरा अल्बम आला आणि 4 ऑक्टोबरला गूल्ड गेला. त्यानंतर दुसऱ्याबद्दल निखळ मत देणं अशक्यच झालं. लोक त्यात निरोप ऐकू लागले. मला विचाराल तर दुसरा, पण त्यातलं किती संगीत आणि किती ती तारीख, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही.

दुसऱ्यांच्या मतांचंही असंच होतं, ती आपल्या कानात आपल्याआधी जाऊन बसतात. 2006 मध्ये मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी 'सायन्स' या शोधपत्रिकेत एक प्रयोग मांडला. अनोळखी बँडची 48 गाणी, चौदा हजारांवर श्रोते. काहींनी आपलं आपण ऐकून निवडायचं. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकलेलं, आणि त्यांना आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलंय ते दिसत होतं. आठही गटांची सुरुवात शून्यापासून. तरी प्रत्येक गटाची आवड वेगळी निघाली. एकच गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्यात चाळिसावं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी टाकाऊ सहसा वर आली नाहीत, पण मधल्या भाऊगर्दीत पहिल्या काही जणांनी काय निवडलं यावर पुष्कळसं ठरलं. म्हणून बारा चाळीसला पडलेला तो 'मास्टरपीस' शब्द निरुपद्रवी नाही. त्यानंतर अल्बम लावणाऱ्या प्रत्येकाला तो शब्द सोबत घेऊनच ऐकावं लागतं, मान्य असो की नसो.

मग चाहत्यांनी एकमेकांशी बोलूच नये का? उलट, बोलण्याशिवाय आपल्याला धड ऐकता येत नाही असंच माझं मत. फक्त निकालांचा काही उपयोग नसतो, उपयोग होतो तो जागांचा. गाण्यातली जागा दाखवणारा माणूस भेटणं हे नशीब. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'चं शेवटचं गाणं मी कितीतरी वर्षं ऐकत आलो होतो. शेवटी अनेक पियानोंवर एकदम दाबलेला तो प्रचंड ई मेजर कॉर्ड, चाळीस सेकंदांहून जास्त वेळ विरत जाणारा. विरायला लागला की मी पुढे जायचो, गाणं संपलं म्हणून. एका मैत्रिणीने हेडफोन काढून दिला आणि म्हणाली, 'थांब, खुर्ची ऐक.' सूर विरत गेला तसतशी मुद्रण करणाऱ्यांनी माइकची पातळी चढवत नेली होती, त्यामुळे अगदी टोकाला खोलीच ऐकू यायला लागते. कागदाची सळसळ, आणि मग खुर्चीचा स्पष्ट करकर आवाज. 1967 मधली एक खुर्ची. या एका जागेने मला तो अल्बम परत ऐकू यायला लागला. 'हा जगातला सर्वोत्तम अल्बम आहे' या वाक्याने हे कधी झालं नसतं.

अशा जागा काही वेळा दोन गाण्यांच्या मध्ये असतात, आणि अल्बम म्हणून ऐकायचं ते बहुतांशी त्यासाठी. 1948 मध्ये आलेल्या एलपीच्या, म्हणजे लांब वाजणाऱ्या तबकडीच्या, एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं बसत. त्याआधीच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत ख्याल बसवणाऱ्या आपल्या गायकांना विचारा वीस मिनिटं म्हणजे काय चैन. त्या दोन बाजूंनी अल्बमला मध्यंतर दिलं. बीटल्सच्याच 'ॲबी रोड'ची पहिली बाजू जवळजवळ आठ मिनिटांच्या गाण्याने संपते. तोच तो गिटारचा घाट फिरत राहतो, त्यावर वाऱ्यासारखा गोंगाट चढत जातो, आता काय होणार असं वाटत असताना टेप कापल्यासारखं सगळं मध्येच तुटतं. ती खरंच कापलेलीच आहे. मग उठायचं, रेकॉर्ड उलटायची, सुई ठेवायची, आणि अकूस्टिक गिटारवर सूर्य उगवतो. उठून उलटण्याचा तो वेळ संगीताचाच भाग होता. आता दोन सेकंदांत सूर्य उगवतो आणि धक्का अर्धा होतो. 1967 चा 'कॉल ऑफ द व्हॅली' घ्या. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, आणि काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस. अहीर भैरवाने सकाळ होते आणि पहाडीपर्यंत रात्र. राग वेळेनुसार लावलेत, त्यामुळे क्रम बदलला तर दिवसच विस्कटतो. यादृच्छिक क्रमाने लावून बघा एकदा, संध्याकाळनंतर सकाळ येते. गायिका अडेलचा '30' आला त्या नोव्हेंबर 2021 मध्ये तिच्या सांगण्यावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं शफलचं ठळक बटण काढलं, ते मला म्हणूनच पटलं. पुष्कळांना ती दादागिरी वाटली.

नव्या अल्बमांची लांबी हा आमच्यातला कायमचा भांडणाचा विषय, आणि त्यात मी उघड पक्षपाती आहे. डिसेंबर 2014 पासून बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या अल्बम यादीत स्ट्रीमिंग मोजायला लागले. तेव्हाच्या हिशेबाने अल्बममधली गाणी मिळून 1500 वेळा वाजली की एक अल्बम विकला गेला असं धरायचे. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की एक वाजणं. मग गाणी जितकी जास्त तितकं बरं, आणि सुरुवातीचे तीस सेकंद जितके पकडणारे तितकं बरं. सगळे कलाकार हा हिशेब डोक्यात ठेवून लिहितात असं मी म्हणत नाही, पण पंचवीस गाण्यांचा अल्बम समोर आला की संशय येतो. टेलर स्विफ्टचा 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' 19 एप्रिल 2024 ला 16 गाण्यांचा म्हणून आला आणि दोन तासांनी आणखी 15 गाणी आली. पहिल्या सोळांवर निकाल देऊन झोपी गेलेल्यांची सकाळी जी फजिती झाली ती मी मिटक्या मारत पाहिली. त्या एकतीसमध्ये बारा गाण्यांचा एक फार चांगला अल्बम दडलाय असं माझं मत आहे, फक्त कुठली बारा यावर आमच्यात कुणाचंच एकमत होत नाही. कदाचित लांबीच्या बाजूने हाच सगळ्यात चांगला मुद्दा असेल. आणि कान्ये वेस्टचा 'द लाइफ ऑफ पाब्लो' तर फेब्रुवारी 2016 मध्ये आल्यानंतरही महिनोन्‌महिने बदलत राहिला, मिक्स बदलले, जूनमध्ये एक अख्खं गाणं वाढलं. त्यावर भांडताना आधी विचारावं लागायचं, कुठल्या महिन्यातला?

डिसेंबर आला की वर्षाच्या याद्या सुरू होतात. त्यात डिसेंबरात आलेल्या अल्बमांचा बळी जातो. बियॉन्सेचा तिच्याच नावाचा अल्बम 13 डिसेंबर 2013 ला काहीही गाजावाजा न करता अचानक आला, तेव्हा बहुतेकांच्या याद्या होऊन गेल्या होत्या. दशकांचंही तेच. 'द क्लॅश' या बँडचा 'लंडन कॉलिंग' ब्रिटनमध्ये डिसेंबर 1979 मध्ये आला, अमेरिकेत जानेवारी 1980 मध्ये. त्यामुळे 'रोलिंग स्टोन'ला तो ऐंशीच्या दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवता आला, आणि ब्रिटिश पंचांगाप्रमाणे तो त्या दशकातला नव्हताच.

आम्ही यावर तोडगा काढलाय. आमची वर्षाची यादी मार्चमध्ये होते. प्रत्येकाने पाच अल्बम सांगायचे, आणि प्रत्येक अल्बमची एक जागा : कुठलं गाणं, साधारण कितवं मिनिट, तिथे काय होतं. जागा सांगता आली नाही तर अल्बम बाद. गेल्या खेपेला बारा चाळीसवाल्याचे तीन अल्बम असे उडाले, तेव्हा त्याने नियमावरच हरकत घेतली. म्हणाला, काही अल्बम जागांचे नसतातच, ते हवेसारखे असतात. आणि संगीतकार ब्रायन ईनोचा 1978 चा 'म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स' पुढे केला. त्यातल्या एका तुकड्यात वेगवेगळ्या लांबीच्या टेपांवर गायलेले लांब स्वर आहेत, प्रत्येक टेप आपापल्या लांबीप्रमाणे फिरून परत येते, आणि स्वर कधी एकमेकांवर पडतात, कधी नाही. 'यातली जागा दाखव,' म्हणाला. मी तो तुकडा त्यानंतर तीनहून जास्त वेळा ऐकलाय. पाचव्या मिनिटाच्या आसपास दोन स्वर एकमेकांना निसटते चाटून जातात तिथे मी बोट ठेवलं, तर तो म्हणाला, असं तर पुढेही होतं. होतं खरं. नियमाला अपवाद जोडायचा का, यावर मार्चमध्ये मतदान आहे, आणि 'ऐकतोय' म्हणून गायब होणाऱ्याचं मत कुठल्या बाजूला पडेल ते अजून कळलेलं नाही.